रडमीटर

सुगी गाडीतून उतरली आणि सरळ कडब्याच्या टेम्पोवाल्याच्या अंगावर गेली.

चावायला नाही. मायेनं. दोन्ही पाय त्याच्या छातीवर, कान मागं, शेपूट इतकी जोरात की मागचं सगळं अंग हलत होतं. आणि घशातून तो आवाज. जो ऐकायला माझी आई, आमची अव्वा, दहा आठवडे वाट बघत होती.

टेम्पोवाला सांगोल्याचा. इलाही मुलाणी. आमच्या दारात आयुष्यात पहिल्यांदा आलेला. आधी घाबरला, मग हसून म्हणाला, "अरे वा, लई जीव दिसतोय हिचा माझ्यावर."

अव्वा आतून ताटली घेऊन येत होती. भाकरीचा तुकडा, तांब्यात पाणी. तव्यावरची भाकरी करपायला लागली म्हणून तिला दोन मिनिटं उशीर झाला, एवढंच. ती उंबऱ्यातच थांबली.

मी फोनवर सुगीच्या गळपट्ट्याचा आकडा बघितला. चौऱ्याण्णव.

मग सुगीला अव्वा दिसली. ती अव्वाकडं धावली. तसेच पाय, तसेच कान, तसाच आवाज.

चौऱ्याण्णव.

मागच्या बाळंतपणानंतर सुगी परत आली तेव्हा अव्वाला भेटून तिचा आकडा त्र्याण्णव आला होता. मी त्याचा कागद छापून दिला होता आणि अव्वानं तो देवळीशेजारी चिकटवला होता. आल्यागेल्याला दाखवायची. "शंभरातले त्र्याण्णव. पोटच्या पोराचे आले असते का एवढे?"

अव्वानं सुगीवरून भाकरतुकडा ओवाळला, लांब टाकला, पायांवर पाणी घातलं. सगळं नीट केलं. आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "चन्नू, हा माणूस हिचा कोण लागतो रे?"

"कोण नाही, अव्वा."

"मग?"

मी फोन खिशात लपवला. कारण तो आकडा काढणारं यंत्र माझं होतं.

थांबा. आधी 'अंगण' म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर कळणार नाही.

दहा वर्षांपूर्वी खर्डीकर मॅडमनी मंगळवेढ्यात हे केंद्र काढलं. मॅडम जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी कुत्र्यांचे कारखाने बघितले होते. पिंजऱ्यात जन्मलेली कुत्री, पिंजऱ्यातच व्यायची, पिंजऱ्यातच मरायची. मॅडम म्हणाल्या, आपल्याकडं पिंजराच नको. पैदाशीची प्रत्येक कुत्री एका घरात राहील. घरचीच म्हणून. फक्त बाळंतपणाला दहा आठवडे केंद्रात येईल, पिल्लं सुटी झाली की घरी परत. आयुष्यात तीन वेळा, जास्त नाही. मग म्हातारी होऊन त्याच घरात मरेल. अशा घरांना आम्ही अंगणघर म्हणतो. आज दोनशेच्या वर आहेत. आमचं त्यातलं एक.

आमच्या भागातली मूळ जात कारवानी. लांब पायांची, हरणासारखी. माणसाला धरून राहणारी.

आणि तीच अडचण झाली.

पहिल्या पिढीत तुंगी नावाची कुत्री होती. केंद्रात आली आणि जेवायची थांबली. घरच्यांच्या नावानं दाराकडं तोंड करून बसायची. व्याली, पाच पिल्लांना दूध पाजलं, स्वतः घोट घेतला नाही. नळीनं भरवलं. अकराव्या दिवशी गेली. मी तेव्हा अठरा वर्षांचा. बारावी नापास, केंद्रातले कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागलेलो. मॅडमना मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना बघितलं. म्हणत होत्या, "पिंजरा काढला रे, पण हे काय केलं मी?"

मी घरी आलो आणि शिकायला बसलो. फोनवरच. कुणी मास्तर नाही, कॉलेज नाही. आठ महिन्यांत गळपट्टा बनवला. तो काळजाचे ठोके मोजतो, श्वास मोजतो, आवाज ऐकतो, आणि शून्य ते शंभर असा एक आकडा देतो.

चाचण्या दोन. निरोपाची: पिल्लाला दहा मिनिटं एकटं ठेवायचं, किती कासावीस होतं ते बघायचं. भेटीची: घरचं माणूस परत आल्यावर किती आनंद होतो ते बघायचं. निरोपाचा आकडा कमी हवा, भेटीचा जास्त. सोपं आहे ना? गावात सगळे याला रडमीटर म्हणायला लागले.

पुढची गंमत जनुकांची. रडण्याचं एकच जनुक असं काही नसतं. हजारो जागा असतात, प्रत्येकीचा वाटा तांदळाएवढा. पण शेकडो पिल्लांचे आकडे आणि त्यांची लाळ जमवली की कॉम्प्युटर बेरीज करायला शिकतो. मग पिल्लू जन्मलं की लाळेचा एक बोळा घ्यायचा, आणि ते मोठं झाल्यावर निरोपाला किती रडेल ते त्याच दिवशी कळतं. कमी रडणारी निवडायची. त्यांची पिल्लं, त्यातली कमी रडणारी. पुन्हा.

सुगी पाचव्या पिढीची. निरोपाचा आकडा दोन. केंद्रात आली की पहिल्याच दिवशी ताट चाटूनपुसून साफ. मॅडम म्हणायच्या, "बघ, हिला दुःखच नाही. हा खरा न्याय."

अव्वानं सुगीचं डोहाळजेवण केलं होतं. ओटी भरली, हळदीकुंकू केलं, सुगीनं पुरणपोळी खाल्ली. आम्हाला सगळं बरोबर चाललंय असं वाटत होतं.

आता चूक सांगतो.

भेटीची चाचणी सगळी घरं एकाच पद्धतीनं करायची. लेक बाळंतपणाहून आली की दारात भाकरतुकडा ओवाळतात, तसं कुत्रीचंही करायला लागले लोक. ओवाळणार घरची बाई. आणि दृष्ट लागू नये म्हणून ओवाळून होईपर्यंत बाहेरच्या माणसानं समोर यायचं नाही. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी केंद्राच्या सूचनापत्रकातच छापलं. गळपट्ट्याचा आकडाही त्याच वेळी घ्यायचा.

दहा वर्षांत पाचशे बारा वेळा कुत्र्या घरी परतल्या. पाचशे बारा वेळा दारात घरचीच बाई होती.

अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर आकडा किती येतो, हे एकदाही मोजलं गेलं नाही. नव्वद, त्र्याण्णव, पंच्याण्णव बघून मी खूश व्हायचो. वाटायचं, रडणं गेलं, माया राहिली. ज्याच्याशी तुलना करायची ती दुसरी बाजूच माझ्याकडं नव्हती, आणि नाही हे मला कळलंही नाही. रीतसर शिकलेला कुणी असता तर त्यानं पहिल्या आठवड्यात विचारलं असतं.

आणि आमच्या दारात ती दुसरी बाजू कडबा भरायला आली होती.

मी इलाहीलाच बरोबर घेतलं. दोन दिवसांत पाच अंगणघरं. घरच्या माणसांनी मागच्या दारानं बाहेर जायचं, आणि पुढच्या दारानं इलाहीनं आत यायचं.

"मिठ्या मारून घ्यायची मजुरी देणार ना भाऊ?" तो म्हणाला.

पहिल्या घरी घरधनी एक्क्याण्णव, इलाही एक्क्याण्णव. दुसऱ्या घरी अठ्ठ्याऐंशी, नव्वद. नव्वद इलाहीला. त्या घरची सून बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला. सहा वर्षं सांभाळलेली कुत्री तिची. म्हणाली, "लोक म्हणायचे, किती गोड स्वभाव, सगळ्यांना जीव लावते. मला कौतुक वाटायचं हो."

पाचव्या घरातून बाहेर पडल्यावर इलाही हसायचा थांबला. टेम्पोत बसला आणि म्हणाला, "भाऊ, मला आता बरं वाटंना झालंय. दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी उचलून आणल्यासारखं."

मी तसाच केंद्रात गेलो. मॅडम ओसरीवर पिल्लांची वजनं घेत होत्या. आकडे पुढं ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा वाचले.

"सगळीकडं सारखेच?"

"हो मॅडम."

"म्हणजे ही घरच्यांना ओळखतच नाहीत?"

"ओळखतात. नाव घेतलं की येतात. पण घरचा आणि परका यांत त्यांना फरक पडत नाही."

मी रात्रंदिवस वाचत होतो, ते त्यांना सांगितलं. कुत्र्याच्या मेंदूत आपल्या माणसाच्या वासाची एक जागा असते. तो वास आला की तिथं दिवा लागतो. गेला की विझतो आणि कुत्रं रडतं. रडणं कमी करायला दोन वाटा होत्या. एक, कुत्र्याला भरवसा वाटला पाहिजे की माणूस परत येणार. दुसरी, दिवाच काढून टाकायचा. माझा मीटर दोन्हींना सारखेच मार्क देत होता. आणि दुसरी वाट जनुकांना सोपी पडली.

 एक पिल्लू त्यांची चप्पल चावत होतं.

"तू बारावी नापास," त्या म्हणाल्या. "तुला नाही सुचलं, ठीक आहे. मी डॉक्टर. मी विचारायला पाहिजे होतं. मला विचारायचंच नव्हतं बहुतेक. तुंगीनंतर मला फक्त एवढंच पाहिजे होतं की कुणी रडू नये."

मग त्यांनीच विषय काढला. सोमवारी सहाव्या पिढीची चाळीस पिल्लं जायची होती. सुगीची सहा त्यातच. ही पिल्लं साध्या घरात नव्हती जायची. सोलापुरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना द्यायची होती. मुलं बाहेरगावी, दिवसभर घरात कुणी नाही, अशांना. सोबत म्हणून. माणूस पडलं, बेशुद्ध झालं तर पिल्लू मोठं होऊन भुंकेल, शेजाऱ्याला बोलावेल, असं आम्ही त्यांना लिहून दिलं होतं. आणि मीटरच्या दाखल्यावर माझी सही असल्याशिवाय पिल्लू केंद्राबाहेर जात नाही, हा मॅडमचाच नियम.

"भुंकतील का?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही."

ते आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

आमच्या रानात ज्वारीची काढणी चालू होती. अर्धं रान मोकळं, अर्ध्यात कणसं उभी. माझ्या वडिलांना, अप्पांना, साखरेचा त्रास आहे. दंडावर पॅच असतो, साखर उतरली की फोनवर बोंब मारतो. पण घामानं खाजतं म्हणून त्यांनी तो काढून खिशात ठेवलेला. सुई टोचून घेतलेली आणि भाकरी मात्र "ही एवढी ओळीची पाथ होऊ दे मग खातो" म्हणून राहिलेली. उभ्या ज्वारीत पडले. सुगी जवळच होती.

काढणीच्या बायका दुसऱ्या टोकाला. अडीच तासांनी पेंढ्या बांधत बांधत तिथवर आल्या तेव्हा त्यांना पाय दिसले.

सुगी सहा किलोमीटरवर, हायवेच्या चहाच्या टपरीवर सापडली. मोटारसायकलवरून चाललेल्या एका पोरानं बांधावरून च्यक् च्यक् केलं, ही त्याच्या मागं गेली. पोरगा भला होता. त्याला वाटलं कुणी सोडून दिलेली दिसतेय. त्यानं तिला बिस्किटं घातली होती. मला बघून सुगी नाचत आली. मी पट्ट्याचा आकडा बघितला नाही. माझ्यानं बघवेना.

दवाखान्यात अप्पा शुद्धीवर होते. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर अवघड होतं. अव्वा खाटेजवळ बसून संत्रं सोलत होती आणि एकसारखी बोलत होती. बोलायची थांबली असती तर रडली असती.

"पॅच काढायचा म्हणे. खाजतं म्हणे. चाळीस वर्षं मी खाजवतेय डोकं तुमच्यापायी, मी काढून ठेवलं का?"

"माझी शुद्ध लगेच नाही गेली," अप्पा म्हणाले. "आडवा पडून बघत होतो. हात हलंना. सुगी दिसत होती. त्या पोरानं बोलावलं, तिनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि शेपूट हलवत गेली."

अव्वाचा हात थांबला.

"वाईट वाटलं," अप्पा म्हणाले. "मग एक सांगू का? हलकं वाटलं. म्हटलं, आपण गेलो तरी हिचं काही अडत नाही. माझ्या मागं कुणी उपाशी बसणार नाही."

मी अप्पांकडं बघतच राहिलो. शेवटच्या घटकेला बापाच्या मनात हे आलं, आणि ते माझ्या मीटरनं दिलेलं होतं. मला त्या खोलीत उभं राहवेना.

अव्वा मात्र उठली. संत्र्याच्या फोडी अप्पांच्या पोटावर ठेवल्या. "हलकं वाटलं काय? मी तिकडं भाकरी बांधून बसले, पाच वेळा फोन लावला, आणि तुम्हाला हलकं वाटलं? तुमच्या मागं बसणारं माणूस आहे म्हटलं इथं. आता जड व्हा."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकता खोकता हसला.

मॅडमनी सोमवारचं वाटप थांबवलं. आणि त्यांनी एक गोष्ट केली, जी दुसऱ्या कुणी केली नसती. चाळीसच्या चाळीस घरांना आणि त्यांच्या मुलांना सगळं लिहून कळवलं. काही झाकलं नाही. 'ही पिल्लं प्रेमळ आहेत, पण ती तुम्हाला वेगळं मानणार नाहीत. तुम्ही पडलात तर थांबतील याची खात्री नाही. आमची चूक झाली.'

त्याच दिवशी त्या एका धनगराच्या बिऱ्हाडावर गेल्या आणि दोन पिल्लं मागून आणली, बदली म्हणून कुणाला हवी असली तर. जुन्या रक्ताची, मीटर न लागलेली. धनगर म्हणाला, "ह्यांना कोण नेतंय बाई? मेंढरामागं पण रडत्यात ही." दोघींचा निरोपाचा आकडा शहाण्णवच्या वर. केंद्रात कुणाला काम सुचेना. खोलीतून बाहेर पाय टाकला की गळा काढायच्या.

आम्ही शिव्यांची वाट बघत होतो. फोन आले. मीच घेतले.

पुण्याहून एकजण म्हणाला, "मग यात प्रॉब्लेम काय आहे? उलट बरं ना. उद्या बाबांचं काही झालं तर कुत्रं कुणालाही देता येईल."

एक बाई परदेशातून. "आईच्या आधीच्या कुत्र्यानं तिच्या आजारपणात घर डोक्यावर घेतलं होतं. असलंच पाहिजे होतं. पडल्यावर कळवायला हातात घड्याळ आहे की."

एकानं विचारलं, "माणसांसाठी निघालंय का असं काही?" आणि हसला. मी हसलो नाही. 

चाळीसपैकी सदतीस म्हणाले, तीच पिल्लं द्या.

धनगराच्या पिल्लांना कुणीच हो म्हटलं नाही. त्यातली एक अव्वानं आणली. अप्पा नको म्हणत होते. "मी विचारलं नाही तुम्हाला," अव्वा म्हणाली. सुगी आमच्याकडंच आहे, तिची पैदास बंद. आता अप्पा रानात निघाले की ती बारकी फाटकाला डोकं आपटते आणि अव्वा ओट्यावरून ओरडते, "व्हा आता हलके!"

मी सही करायला तयार नव्हतो. मॅडम म्हणाल्या, "लोकांनी कळून मागितलंय. तू कोण नाही म्हणणारा?" मग मी एक अट घातली. प्रत्येक घरी मी स्वतः जाणार, डोळ्यांदेखत दाखवणार, आणि दाखल्यावर लिहिणार: हे पिल्लू तुम्हाला वेगळं ओळखणार नाही. त्याखाली त्यांची सही आणि माझी.

पहिलं घर येमूल टीचरचं. सोलापूर, जुनी गिरणी पाडून बांधलेल्या बिल्डिंगचा चौथा मजला. वय एक्क्याऐंशी. महापालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेलं. मूल नाही, भाऊ वारलेला.

मी त्यांना दाराबाहेर उभं केलं, आधी मी आत आलो, मग त्या. पिल्लाचा आकडा मला नव्वद, त्यांना नव्वद.

"ठेव," त्या म्हणाल्या.

"टीचर, कळलं ना तुम्हाला?"

"आकडे कळतात बे मला. माझ्याकडं कोण आलं गेलं मलाही आताशा काही वाटत नाही. आमचं जमेल."

 अगदी साधं, पाढा म्हणावा तसं म्हणाल्या त्या.

"तुम्ही पडलात तर हे कुणाला बोलवायला जाणार नाही."

"बोलवायला आहे कोण?"

मी बारावी नापास हे आधी बोलण्यात निघालं होतं. मी कागद काढला. त्यांनी वाचला आणि परत दिला. "एका मोजणीवर सही करतोस? म्हणून नापास झालास. वय वाढेल तसा फरक पडतो का ते नको बघायला? चार मोजण्या घे. दर गुरुवारी एक. मग सही."

बाकीच्या घरांत मी दाखवलं, लोकांनी सह्या केल्या, मीही केल्या.  टीचरचा कागद तेवढा राहिला.

पहिल्या गुरुवारी गेलो. फरक शून्य. त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि मला पोहे दिले. दुसऱ्या गुरुवारी फरक शून्य. पोह्यांवर शेंगाचटणी. त्यांनी मला सरासरीपासूनचं अंतर कसं काढतात ते शिकवलं, मी दहा वर्षं चुकीचं काढत होतो. तिसऱ्या गुरुवारी पिल्लू मोठं झालेलं, फरक एक. "एकानं काही होत नाही, चूकभूल आहे ती," त्या म्हणाल्या. चौथ्या गुरुवारी पुन्हा शून्य. मी सही केली. त्यांनी केली. मी निघालो. पिल्लू माझ्या मागं जिन्यापर्यंत आलं, तिथं पेपरवाल्याची पोरगी भेटली, तिच्याबरोबर वर गेलं.

पुढच्या गुरुवारी मी केंद्रात होतो. साडेअकराला फोन वाजला.

"कुठंयस?"

"केंद्रात, टीचर. का?"

"पोहे गार झाले."

"टीचर, चार मोजण्या झाल्या आपल्या. पाचवी नव्हती."

"किती झाल्या ते मला सांगतोस?" आवाज चढला होता. मग एकदम थांबल्या. "बेल वाजली. मी उठून गेले. गुडघा दुखत होता तरी लवकर गेले. कुरिअरवाला होता. हे त्याच्यावर नाचलं. मी दार आपटलं रे त्याच्या तोंडावर. त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं?"

 पलीकडच्या खोलीत धनगराचं उरलेलं पिल्लू माझ्या नावानं गळा काढत होतं. मी फक्त फोन घ्यायला बाहेर आलो होतो.

"हे काय रडतंय?" टीचरनी विचारलं.

"एक पिल्लू आहे. कुणाला नकोय."

"का?"

"असंच रडतं म्हणून. तुम्ही खाली भाजी आणायला गेलात तरी रडेल. शेजारी भांडायला येतील. सवय लागायला वर्ष लागेल, कदाचित लागणारच नाही."

"आणि मी मेले तर?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"तर ते जेवणार नाही, टीचर. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. आमची एक असंच करून मेली होती."

 मी फोन चालू आहे का बघितलं. आतलं पिल्लू श्वास घ्यायला थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"फार वाईट आहे हे," त्या म्हणाल्या. "त्या मुक्या जिवाला असं करणं."

"हो."

"मला हे नको म्हणायला पाहिजे."

"हो, टीचर."

त्यांनी नाक ओढलं. पस्तीस वर्षं वर्ग गप्प करणारा आवाज होता तो, आता गणित न सुटलेल्या पोरासारखा झालेला.

"आण," त्या म्हणाल्या. "आजच आण."